बंद न केलेली बाही

११ ऑक्टोबर

ताई,

तुझं खोकं मिळालं. टपालवाला ते जिन्यातच ठेवून गेला होता, खालच्या काकूंनी वर आणून दिलं. त्यांना वाटलं, तू माझ्यासाठी काहीतरी पाठवलंस. "बघ, तरातरा निघून गेली तरी शेवटी जीव तुटतोच तिचा," म्हणाल्या आणि मी ते उघडायची वाट बघत उभ्या राहिल्या. मी म्हटलं, सावकाश उघडते. त्या जरा हिरमुसल्या.

त्या गेल्यावर उघडलं. भाऊजींचा विटकरी स्वेटर, तुझ्या ढब्बूची टोपी आणि हातमोजे, तुझी राखाडी शाल, लाल मफलर. गेले तीन हिवाळे आईच्या नावाने तुमच्याकडे जे जे आलं ते सगळं. घड्या मात्र सुरेख घातल्यास. रागातही तुझी घडी विस्कटत नाही. वरची चिठ्ठी वाचली. "यातलं काहीच आईचं नाही. तुझं तुला परत."

बरं.

आई गेल्यावर तू आलीस आणि तिच्या खाटेवर बसलीस. तिच्या पायांवर असायची ती शाल हातात घेतलीस, उलटी करून बघितलीस, मग बोटांनी ताणून सुलट बाजू बघितलीस. खोली माणसांनी भरलेली होती. तू सगळ्यांसमोर विचारलंस, "ही कुणी विणली?" मी म्हटलं, आईने. ते खोटं होतं. तेवढं मी कबूल करते, कारण ते तुझ्या तोंडावर बोलले. बाकी कशाबद्दलही मी माफी मागणार नाही. पहिल्याच पत्रात सांगून टाकते, म्हणजे पुढच्या पत्रांत तू ती शोधत बसणार नाहीस.

तुला कसं कळलं ते विचारत नाही. आईचा उलट टाका चुकीचा होता, हे आपल्या दोघींनाच माहीत. तुझ्या वेळी ती दवाखान्यात बरेच दिवस पडून होती. समोरच्या खाटेवरची बाई विणत बसायची आणि आई तिच्याकडे समोरून बघून शिकली. समोरून बघितल्यामुळे तिच्या डोक्यात काहीतरी उलटं बसलं, आणि लोकर सुईवरून घ्यायच्या ऐवजी ती कायम सुईखालून ओढत राहिली. त्यामुळे तिच्या टाक्यांचे दोन पाय शेजारी शेजारी उभे राहत नसत, एकमेकांवर चढत. कापड घट्ट व्हायचं आणि धुतलं की एका बाजूला कलायचं. भाऊजींच्या पहिल्या स्वेटरची कडेची शिवण पोटावर आली होती. "आई मला या वयात वळण लावताहेत," असं ते म्हणाले होते आणि आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती.

तू तिच्या मांडीवर बसून शिकलीस, म्हणून तुझाही टाका तसाच. मी शाळेत शिवणाच्या बाईंकडे शिकले. माझे टाके सरळ उभे राहतात. आई त्याला "शाळेतलं विणकाम" म्हणायची आणि ते म्हणताना ओठ जरा दुमडायची.

तर शालीत तुला चढलेले पाय दिसले नाहीत. बरोबर आहे. ती सबंध माझी होती.

पण मफलर बघायचा होतास. परत करायच्या घाईत तू त्याला हातही लावलेला दिसत नाही. एका टोकापासून अंगठा फिरव. आधी घट्ट लागेल, मग सैल, मग पुन्हा घट्ट. घट्ट ते आईचं. पहिल्या हिवाळ्यात मी फक्त चुकलेल्या ओळी उसवत होते, सगळं नाही. मफलर या पत्रासोबत परत पाठवते आहे. "काहीच आईचं नाही" असं लिहिण्याआधी माणसाने दिवा लावून बघावं.

बाकीचं माझं मला पोचलं.

तुझी धाकटी

२ नोव्हेंबर

ताई,

मफलर मिळाल्याचं तू एका ओळीत लिहिलंस आणि उरलेली पानं माझ्यावर. मी तुला आईपासून तोडलं, असं तुझं म्हणणं. "ती इतकं नीट विणत होती म्हणून मला वाटलं ती नीट आहे. वाटलं म्हणून मी आले नाही."

हो. तुला तसं वाटावं म्हणूनच मी विणत होते.

सुरुवात कशी झाली ते सांगते. ढब्बूचे हातमोजे चालले होते. मी दवाखान्यातलं काम आटोपून घरी आले तर आई टेबलाशी बसलेली, समोर एक हातमोजा. त्याला दोन अंगठे होते. दोन्ही नीट विणलेले, नीट बंद केलेले. आई म्हणाली, "ढब्बूला दोन अंगठे नाहीत ना गं?"

"एका हाताला एकच आहे," मी म्हटलं.

"मला तसंच वाटलं."

आम्ही दोघी हसलो. ती माझ्यापेक्षा जास्त हसली. मग एकदम थांबली आणि म्हणाली, "ताईला सांगू नकोस."

"का?"

"ती यादी करून येईल."

बाबांच्या वेळी तू वृद्धाश्रमांची यादी करूनच आली होतीस. ती जागा वाईट होती असं मी कधीच म्हटलं नाही. स्वच्छ होती, नर्सबाई हसतमुख होत्या, जेवण वेळेवर यायचं. पण भिंतीला खिळा मारायची परवानगी नव्हती. बाबांचं भिंतीवरचं घड्याळ शेवटपर्यंत पलंगाखाली पिशवीत राहिलं. आई दर भेटीत ते काढायची, किल्ली द्यायची, फडक्याने पुसायची आणि पुन्हा पिशवीत ठेवायची. तू ते बघितलं नसशील, तू तोवर परत गेली होतीस. मी बघितलं.

"मला तिथं नको," आई म्हणाली. "जिथं खिळा मारू देत नाहीत तिथं नको." मी म्हटलं, नाही सांगणार. तिने शपथ घ्यायला लावली. मी घेतली.

तू विचारशील, आजारी माणसाने मागितलेली शपथ पाळायची असते का. मला त्यातलं कळत नाही. तेव्हा ती आजारी नव्हती एवढंच मला माहीत आहे. त्या दिवशी टेबलाशी बसलेली बाई पूर्ण शुद्धीत होती आणि तिला कशाची भीती वाटते ते तिला अचूक ठाऊक होतं. तू वाईट नाहीस ताई. तू झटपट आहेस. आईला झटपटपणाची भीती वाटायची.

मग मी काय करायची, तेही विचारलंयस म्हणून सांगते. आई संध्याकाळी विणायची, माझ्याशेजारी बसून. आधी एखादा टाका निसटायचा, पुढे पुढे ओळीच्या ओळी. सुलट कुठे, उलट कुठे, याचा मेळ राहिना. सकाळी जाताना मी ते पिशवीत घालून दवाखान्यात न्यायची. दाताचं दुखणं घेऊन आलेली माणसं इकडेतिकडे बघत नाहीत, गाल धरून बसतात. मी काउंटरमागे तिचं उसवायची आणि पुन्हा विणायची, तिने जिथवर आणलं असेल तिथवर, एकही ओळ जास्त नाही. दुपारच्या सुट्टीत घरी येऊन टोपलीत ठेवायची. खालच्या काकू तोवर तिच्याजवळ बसलेल्या असायच्या. आई झोपून उठली की टोपलीतून विणकाम काढायची, हातभर लांब धरायची आणि म्हणायची, "काल बरंच झालं की."

आमच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. एकदा म्हणाले, "तुमच्याकडे विणणं कमी आणि उसवणंच जास्त दिसतं." मी म्हटलं, "तुम्हीही आधी किडलेलं काढता, मगच भरता." दुसऱ्या दिवशी त्यांनी काउंटरखाली एक छोटा दिवा बसवून घेतला. मला त्या माणसाबद्दल त्या दिव्याइतकीच माहिती आहे आणि ती मला पुरते.

तुझ्यापर्यंत पार्सल पोचलं की तू फोन करायचीस. "आई, काय सुंदर विणलंयस." आईचा चेहरा बघायला हवा होतास. फोन ठेवून ती घरभर हिंडायची. मग तासाभराने मला विचारायची, "ताईचा फोन नाही आला बऱ्याच दिवसांत?"

मी पुन्हा तेच करीन. आज आई असती आणि तिने पुन्हा तसंच सांगितलं, तर मी पुन्हा तेच करीन. हे मी रागाने लिहीत नाही. रागाने लिहिलं असतं तर अक्षर बिघडलं असतं.

तुझी धाकटी

२१ नोव्हेंबर

ताई,

काकूंच्या पोटात काही राहत नाही, हे मला ठाऊक असायला हवं होतं. तू त्यांना फोन केलास, त्यांनी निळ्या बाहीचं सांगितलं. मग बोलणं संपल्यावर वर येऊन मलाही सांगितलं. "मी काही चुकीचं नाही ना बोलले?" म्हणून जिन्यात उभ्या. मी त्यांना आत बोलावून चहा दिला. तीन हिवाळे त्यांनी दुपारी आईजवळ बसून काढले. त्यांना बोलायचा हक्क आहे.

हो, निळी बाही आहे. ती सगळी आईची आहे, पहिल्या टाक्यापासून. मी तिला सुईचं टोकही लावलेलं नाही.

कारण आईने मला पकडलं होतं. सुट्टीचा दिवस होता, ती झोपलीय असं समजून मी खिडकीशी उसवत बसले होते. मान वर केली तर ती दारात. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.

"माझं का उसवतेस?"

"चुकलं होतं थोडं."

ती येऊन शेजारी बसली. माझ्या मांडीवरून ते घेतलं आणि त्यावर अंगठा फिरवला, जसा तू फिरवतेस तसाच. तेव्हा तिला कधी कधी माझं नाव आठवायचं नाही, आरशातली बाई कोण ते विचारायची. पण अंगठ्याला बरोबर कळलं.

"हे माझं नाही. हे शाळेतलं."

मी उसवलेली लोकर गुंडाळू लागले.

"ताईकडे गेलं ते सगळं शाळेतलंच गेलं?"

"बरंचसं," मी म्हटलं.

ती खूप वेळ बाहेर बघत बसली. मला वाटलं, विसरली. मग म्हणाली, "यापुढे हात लावू नकोस माझ्याला." मी कपाटातून निळी लोकर काढून तिच्या हातात दिली. तिने स्वतः टाके घातले. त्यानंतर मी हात लावला नाही.

तुझ्यासाठी विणायला घेतलेला स्वेटर होता तो. लोक पाठीपासून सुरुवात करतात, तिने बाहीपासून केली. बाही कशी आहे ते काकूंनी सांगितलंच असेल, पण काकूंना विणकाम येत नाही, त्यांना फक्त लांबी दिसते. त्यात भोकं आहेत. टाके निसटून खालपर्यंत पळालेले आहेत. मध्ये रुंदी वाढते, एखाद्या मोठ्या माणसाचा दंड मावेल इतकी, मग पुन्हा मनगटाएवढी होते. आणि प्रत्येक टाक्याचे पाय एकमेकांवर चढलेले आहेत. ताप आला त्या दिवसापर्यंत ती विणत होती. खाटेवर तिच्या उशाशी एक टोक ठेवलं तर दुसरं खुर्चीवरून उतरून दाराकडे जातं. अजून सुईवर आहे.

इतकी लांब का, म्हणून तू विचारतेस. टाके बंद करायचं ती विसरली, असं समज.

आणि पाठवून दे, असं तू लिहितेस. "जे खरोखर तिचं आहे तेवढं तरी मला मिळू दे."

नाही.

तुझी धाकटी

८ डिसेंबर

ताई,

तुझ्या बाजूने बोलायला भाऊजींचा फोन आला होता. बिचारे फार घाबरत बोलत होते. तू शेजारी उभी असावीस. म्हणाले, "मी काय म्हणतो, तुम्ही दोघी ती अर्धी अर्धी का घेत नाही?" मी म्हटलं, "भाऊजी, ती बाही आहे, पाव नाही." मग तू दुसऱ्या खोलीत गेलीस वाटतं, कारण त्यांचा आवाज उतरला. "खरं सांगू का? तो विटकरी स्वेटर मला बरा व्हायचा. शिवण जागेवर असायची. हे तिला सांगू नका."

मी आता कुणाचं काही झाकून ठेवत नाही, म्हणून सांगते आहे. त्यांना रागावू नकोस.

"तो स्वेटर ठेवलाय ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, उसवला.

तू परत पाठवलेलं सगळं मी उसवलं. उसवलेली लोकर कुरळी असते, जिथे जिथे टाका होता तिथे वाकलेली राहते. ती कोमट पाण्यात भिजवून लड्या करायच्या आणि खाली वजन बांधून टांगायच्या. सध्या न्हाणीघरात दांडीवर राखाडी लड्या आहेत आणि प्रत्येकीला पाण्याची बाटली लटकवलेली आहे. काकू हात धुवायला आत गेल्या आणि दचकून बाहेर आल्या. "आता पुरे कर गं हे," म्हणाल्या. "आई होती तोवर ठीक होतं. आता त्या सुया-बिया ठेव बाजूला. उगाच जिवाला त्रास."

सगळे हेच सांगतात. लोकरवाल्याने आई गेल्याचं ऐकून हळहळ केली आणि मी चार नंबरच्या सुया मागितल्यावर म्हणाला, "आता कुणासाठी?" जसं काही या घरात विणणारी एकच बाई होती. मी त्याला म्हटलं, "माणसं तेवढीच आहेत. थंडीही तेवढीच आहे."

या हिवाळ्यातही सगळ्यांना जाणार आहे, ताई. दरवर्षी ज्यांना ज्यांना गेलं त्या प्रत्येकाला. फक्त यंदा आईच्या नावाने नाही.

काकूंना पायमोजे दिले, भाऊजींच्या विटकरी लोकरीचे. त्यांनी तिथेच चपला काढून घातले. पाय पुढे करून बघितले आणि डोळ्यांना पदर लावला. "अगदी आईची वीण. तीन वर्षं हाताखालून गेलीय माझ्या, अंधारात ओळखीन. जाताना विणून ठेवले होते ना माझ्यासाठी?"

मला हो म्हणता आलं असतं. त्यांना बरं वाटलं असतं. इतकी वर्षं मी कुणाला बरं वाटावं म्हणूनच हो म्हणत आले.

"नाही काकू," मी म्हटलं. "ही माझी वीण आहे. तुम्ही तीन वर्षं ओळखताय ती माझीच."

त्यांनी पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे गेल्या वर्षीची माझी टोपी?"

"माझी."

"आणि आधीच्या वर्षीचं ते बिनबाह्यांचं?"

"खालचं अर्धं आईचं, वरचं माझं."

"तरीच खालून आवळायचं," काकू म्हणाल्या. मग पायमोजे न काढताच खाली गेल्या, चपला हातात घेऊन.

डॉक्टरांना टोपी दिली. त्यांनी ती आतून बाहेरून बघितली आणि म्हणाले, "यात उसवलेलं किती?" मी म्हटलं, "यात काहीच नाही. ही एकदाच विणली." ते टोपी घालूनच आत गेले. दिवसभर पेशंट हसत होते. दात दुखत असतानाही हसत होते.

बाही पाठवणार नाही. पुन्हा विचारू नकोस.

तुझी धाकटी

१९ डिसेंबर

ताई,

या वेळी तू काही मागितलं नाहीस. फक्त एवढंच विचारलंस की ती बाही विणताना आई काय बोलायची. तुझं इतकं छोटं पत्र मला आजवर आलेलं नाही. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं, कारण तुझ्या यादीत न बसणारा प्रश्न तू पहिल्यांदा विचारलास.

टाके बंद करायचं आई विसरली, असं मी तुला समजायला सांगितलं होतं. ती विसरली नव्हती.

बाही खांद्यापुरती झाली तेव्हा मी तिला म्हटलं होतं, आता बंद करूया का, मी करून देते. तिने सुया छातीशी धरल्या. मी म्हटलं, "किती विणणार आहेस अजून?"

"ताई येईपर्यंत," ती म्हणाली.

मला वाटलं, बोलण्याच्या ओघात आलं. पण मी दर काही दिवसांनी विचारत राहिले आणि उत्तर तेच येत राहिलं. तिला दिवस कळत नव्हते, महिने कळत नव्हते, जेवण झालं की नाही ते कळत नव्हतं. हे मात्र एकदाही बदललं नाही. कधी कधी ती मलाच तू समजायची आणि म्हणायची, "तुला ताई कधी येणार ते माहीत आहे का गं?" म्हणजे तुलाच तुझ्याबद्दल विचारायची. मी म्हणायची, येईल.

मी तुला तेव्हा फोन का केला नाही, असं तू आता विचारशील. कारण तीच बाई सकाळी उठून मला म्हणायची, "ताईला कळवलं नाहीस ना?" तिला तू यायला हवी होतीस आणि तू घेऊन जायला नको होतीस. दोन्ही खरं होतं. दोन्ही मिळून काय करायचं ते मला कळलं नाही, म्हणून मी घेतलेली शपथ धरून बसले. मग ताप आला, आणि तू पोचलीस तेव्हा विचारायला कुणी उरलं नव्हतं. तू माझ्या जागी असतीस तर काहीतरी वेगळं केलं असतंस. तू माझ्या जागी नव्हतीस.

हे मी तुला आजवर सांगितलं नाही, कारण हे तुला द्यावं की तुझ्यावर फेकून मारावं, ते माझं ठरत नव्हतं. आजही पुरतं ठरलेलं नाही. तू नुसतं विचारलंस म्हणून लिहिलं.

आणखी एक. तुझं हे पत्र येण्याआधी एका दुपारी मी ती बाही मांडीवर घेतली होती. म्हटलं, एक ओळ आईसारखी घालून बघू, लोकर सुईखालून ओढून. जमणार नाही असं थोडंच आहे, सगळं आयुष्य तिच्या हाताकडे बघत गेलं. चार टाके घातले की माझा हात आपोआप वरून जायचा. पुन्हा सावरायची, पुन्हा वरून. ती ओळ मी टाका टाका करून उसवली आणि आईचे टाके होते तसे सुईवर परत घेतले. शाळेच्या बाईंनी माझा हात पक्का केलेला आहे. तो आता फिरत नाही आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही. आईचा टाका या जगात आता एकाच हातात आहे आणि तो हात तुझा आहे. तू इतकी वर्षं सुया धरलेल्या नाहीस हे मला माहीत आहे. तो जात नाही. माझा गेला नाही, तसा तुझाही जाणार नाही.

म्हणून ती बाही टपालात घालणार नाही. कापणार नाही, बंद करणार नाही, कपाटातही ठेवणार नाही. ती आईच्या खाटेवर आहे, सुया लावलेली, लोकरीचा उरलेला गुंडा शेजारी. ती कुठवर विणायची म्हणून आईने सांगून ठेवलंय ते आता तुला माहीत आहे. मी तुला ये म्हणत नाही. ये म्हणण्याइतकं आपलं अजून बरं नाही. मी सहाला दवाखान्यातून सुटते, तोवर घराची किल्ली काकूंकडे असते. आलीस तर यादी आणू नकोस. या घरात खिळा मारायला कुणाची परवानगी लागत नाही. बाबांचं घड्याळ मी मागच्या आठवड्यात आईच्या खोलीत लावलं. जरा मागे पडतं.

सोबत यंदाचं पार्सल आहे. ढब्बूला टोपी आणि हातमोजे, प्रत्येकाला एक अंगठा. भाऊजींना बिनबाह्यांचा स्वेटर, शिवण जागेवर. तुझ्यासाठी स्वेटर आहे, तू परत पाठवलेल्या राखाडी शालीच्या लोकरीचा. दोन्ही बाह्या तुझ्या मापाच्या, दोन्ही बंद केलेल्या. उलटा करून बघ, ताणून बघ, दिवा लावून बघ. चढलेला एकही टाका सापडणार नाही. तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत माझा आहे आणि पार्सलावर पाठवणारी म्हणून माझंच नाव आहे.

नको असेल तर परत पाठव. मी तो उसवीन, लोकर भिजवून टांगीन, आणि पुन्हा विणून तुलाच पाठवीन. उसवायची मला सवय आहे.

तुझी धाकटी